दुष्काळातील उपसाबंदी : नदीचा वाहता वाटा राखून पंपांचे नियोजन कसे करावे

पाऊस कमी झालेल्या वर्षी कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांत उन्हाळ्याच्या तोंडावर उपसाबंदीचे आदेश निघू लागतात. अमुक बंधाऱ्यापासून तमुक बंधाऱ्यापर्यंत, या तारखेपासून त्या तारखेपर्यंत शेतीपंप बंद, असे त्यांचे स्वरूप असते. धरणातून सोडलेले पाणी शेवटच्या बंधाऱ्यापर्यंत पोहोचावे आणि पिण्याच्या पाण्याचा साठा टिकावा, हे या आदेशांमागचे दोन मुख्य हेतू असतात. दोन्ही रास्त आहेत. मात्र या हिशेबात तिसरा वाटेकरी, म्हणजे खुद्द नदी, क्वचितच धरला जातो. बंधाऱ्यामागे पाणी अडलेले असते, गावाची टाकी भरते, आणि बंधाऱ्याच्या खाली दोन-तीन किलोमीटर पात्र कोरडे पडलेले असते. तरीही कागदावर नियोजन यशस्वी ठरते.

पाणीपुरवठा संस्थांचे पदाधिकारी, ग्रामपंचायत सदस्य आणि नदीकाठचे शेतकरी यांच्यासाठी हा लेख आहे. पंचगंगा खोरे डोळ्यांसमोर ठेवून तो लिहिला आहे, कारण कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांचे पाणी घेऊन नृसिंहवाडीला कृष्णेत मिळणारी ही नदी कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांच्या साखळीतून वाहते आणि तिच्यावर उपशाचा व सांडपाण्याचा भार एकाच वेळी पडतो. इतर नद्यांवर आकडे बदलतील, रीत तीच राहील.

नदीचा वाटा कशासाठी

वाहते पाणी राखणे ही चैन आहे, असा समज अनेक बैठकांतून ऐकू येतो. वस्तुस्थिती निराळी आहे. प्रवाह घटला तरी शहरांचे आणि कारखान्यांचे सांडपाणी घटत नाही. ते तेवढेच येते आणि त्याला पातळ करणारे पाणी मात्र नसते. 2012 च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली, तेव्हा पंचगंगेच्या दूषित पाण्याचा प्रश्न साऱ्या राज्यासमोर आला. साचलेल्या, तापलेल्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीनुसार मासे आणि वन्यजीवांसाठी तो लिटरमागे किमान 4 मिलिग्रॅम असावा लागतो. मरळीसारखा हवेतून श्वास घेऊ शकणारा मासा त्याहून वाईट पाण्यातही तग धरतो. महाशीर आणि तिच्यासारखे वाहत्या पाण्यातले मासे आधी मरतात. याशिवाय काठावरच्या विहिरींना पात्रातून मिळणारा पाझर, गुरांचे पाणी आणि कृष्णेतल्या मगरींचे डोह हे सारे त्याच वाहत्या पाण्यावर अवलंबून असते.

आधी आपला टप्पा ठरवा

संपूर्ण नदीचे नियोजन एका गावाला करता येत नाही. एका बंधाऱ्यापासून पुढच्या बंधाऱ्यापर्यंतचा भाग हा कामाचा टप्पा धरावा. त्या टप्प्याचा साधा नकाशा काढून त्यात पुढील गोष्टी दाखवाव्यात: दोन्ही बंधारे, मिळणारे ओढे आणि नाले, सांडपाण्याची तोंडे, पिण्याच्या योजनांच्या जॅकवेल (नदीचे पाणी आत घेऊन पंपाने उचलण्यासाठी बांधलेल्या विहिरी), शेतीच्या जॅकवेल, पात्रात थेट टाकलेले सक्शन पाईप, बारमाही डोह आणि सर्वांत उथळ खळाळ (कमी खोलीवरून पाणी खळखळत वाहते ती जागा). काठालगतच्या विहिरी या नकाशात असायलाच हव्यात. पात्रापासून थोड्याच अंतरावर खोदलेली विहीर बहुतेक वेळा नदीचेच पाणी ओढते आणि बंदीच्या काळात उपसा तिकडे सरकतो. ती वगळली तर नियम पाळणाऱ्याचे पीक वाळते आणि विहीरवाल्याचे हिरवे राहते. अशी बंदी दुसऱ्या वर्षी कोणी मानत नाही.

प्रवाह मोजा

अंदाजाने घेतलेला निर्णय भांडणात टिकत नाही. मोजणीसाठी महागडे यंत्र आवश्यक नाही. पात्र सरळ आणि तळ बऱ्यापैकी समान असलेली जागा निवडून तिथली रुंदी टेपने मोजावी, दर मीटर-दोन मीटरवर काठीने खोली घेऊन सरासरी काढावी. त्यानंतर 20 मीटर अंतर आखून एखादे संत्रे किंवा अर्धवट भरलेली बाटली सोडावी आणि ते अंतर कापायला लागणारा वेळ चार-पाच वेळा मोजावा. पृष्ठभागावरचा वेग तळापेक्षा जास्त असल्याने आलेल्या वेगाला 0.85 ने गुणावे.

समजा रुंदी 12 मीटर, सरासरी खोली 0.3 मीटर आणि 20 मीटरला 50 सेकंद लागले. वेग सेकंदाला 0.4 मीटर झाला. 12, 0.3, 0.4 आणि 0.85 यांचा गुणाकार 1.224 घनमीटर प्रति सेकंद, म्हणजे सुमारे 1,224 लिटर. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला 28.3 लिटर, त्या हिशेबाने हा प्रवाह 43 क्युसेक होतो. अशी मोजणी वेगवेगळ्या पातळ्यांना करून जवळच्या पुलाच्या खांबावर रंगाने पट्टी आखावी. एकदा पातळी आणि प्रवाह यांची सांगड बसली की रोज सकाळी पट्टी वाचणे पुरते. पावसाळ्यानंतर वाळू-गाळ सरकून पात्र बदलते, म्हणून ही सांगड दरवर्षी नव्याने तपासावी लागते.

पंप मोजताना अश्वशक्ती नव्हे, लिटर मोजा

येथे सर्वाधिक गफलत होते. पाच अश्वशक्तीचा पंप एकूण 20 मीटर उंचीवर पाणी चढवत असेल, तर तो सेकंदाला साधारण 10 लिटर देतो. असे तीन पंप मिळून जवळजवळ एक क्युसेक होतो. शंभर अश्वशक्तीचा संस्थेचा पंप मात्र याच्या वीसपट पाणी उचलत नाही. तो 60 मीटर चढवत असेल, तर सेकंदाला सुमारे 80 लिटर, म्हणजे आठ लहान पंपांइतकेच पाणी घेतो. अश्वशक्तीवर कपात लावली की उंचावरच्या संस्थेवर अन्याय होतो आणि काठावरचा कमी उंचीचा, भरपूर पाणी ओढणारा पंप सुटून जातो. म्हणून प्रत्येक पंपाचे पाणी प्रत्यक्ष मोजावे. लहान पंपासाठी 200 लिटरचे पिंप भरायला लागणारा वेळ पुरतो. मोठ्या योजनेच्या वितरण हौदात पाणी चढण्याचा वेग मोजता येतो, आणि मीटर असेल तर प्रश्नच नाही.

उंबरठे आधी ठरवा, तंटा नंतर टळतो

कोणत्या पातळीला काय करायचे हे पाणी भरपूर असताना, शक्यतो ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, लिहून ठेवावे. मार्चमध्ये ऊस वाळताना झालेली चर्चा ही चर्चा राहत नाही. इंग्लंडमध्ये नदीतून पाणी उचलण्याच्या अनेक परवान्यांतच अशी अट असते की ठरलेल्या ठिकाणचा प्रवाह अमुक आकड्याखाली गेला की उपसा थांबवायचा. परवानाधारकाला ते पहिल्या दिवसापासून ठाऊक असते, त्यामुळे तो पिकाची निवड तशी करतो. आपल्याकडे आदेश आदल्या दिवशी कळतो आणि तोवर पिकावरचा खर्च झालेला असतो. माझ्या मते उपसाबंदीबद्दलच्या रोषाचे निम्मे कारण या उशिरात आहे.

नदीसाठी किती पाणी राखावे, याची काही मापे उपलब्ध आहेत. 1976 मध्ये अमेरिकेत मांडल्या गेलेल्या टेनंट पद्धतीत सरासरी वार्षिक प्रवाहाचा 10 टक्के भाग हा जीवसृष्टीने थोडा काळ कशीबशी तग धरण्यापुरता, तर 30 टक्के हा बऱ्यापैकी समाधानकारक मानला जातो. केंद्र सरकारने ऑक्टोबर 2018 मध्ये गंगेसाठी काढलेल्या अधिसूचनेत उगमापासून हरिद्वारपर्यंत नोव्हेंबर ते मार्च या काळात दर महिन्याच्या सरासरी प्रवाहाच्या 20 टक्के, ऑक्टोबर, एप्रिल आणि मे या महिन्यांत 25 टक्के आणि पावसाळ्यात 30 टक्के पाणी वाहते ठेवण्याचे बंधन घातले. आपल्या नद्या पावसाळी आहेत. वर्षभराची सरासरी पुराच्या पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यातील प्रवाहाशी तिचा मेळ बसत नाही. त्यामुळे टक्केवारीबरोबर एक जागेवरची कसोटी लावावी: टप्प्यातील सर्वांत उथळ खळाळावरून मासा एका डोहातून दुसऱ्या डोहात जाऊ शकतो का? खळाळावरची धार तुटते तो प्रवाह मोजून, त्याच्या वर थोडी उसंत ठेवून नदीचा वाटा ठरवावा.

हिशेब असा मांडता येईल. समजा खळाळाच्या कसोटीने नदीचा वाटा 15 क्युसेक निघाला. पिण्यासाठी 3 क्युसेक धरले; एक लाख लोकसंख्येला माणशी 55 लिटर द्यायचे तर सव्वादोन क्युसेक लागतात, म्हणजे यात थोडी सवड आहे. बाष्पीभवन आणि पाझर यांसाठी 5 क्युसेक सोडले. एकूण 23 झाले. प्रवाह 43 क्युसेक असेल तर शेतीला 20 क्युसेक, म्हणजे 566 लिटर उरतात, आणि दहा लिटरचे 56 पंप एका वेळी चालू शकतात. टप्प्यात तेवढ्या क्षमतेचे 90 पंप असतील, तर त्यांचे दोन गट करून एक दिवसाआड पाळी द्यावी लागेल. प्रवाह 35 वर आला की 12 क्युसेक उरतील, 34 पंप चालतील आणि तीन गट पडतील. 23 क्युसेकला शेतीचा उपसा पूर्ण थांबेल. ही झाली उदाहरणाची बेरीज-वजाबाकी, पण प्रत्यक्ष टप्प्यावरही नियोजन याच तीन ओळींत मावते: इशारा, कपात, बंद. यात पिण्याच्या पाण्याचा वाटा किती लहान आहे तेही दिसते. पिण्याचे पाणी आणि नदी यांत सहसा भांडण लागत नाही. खरी ओढाताण शेतीच्या आणि उद्योगांच्या उपशाशी असते, आणि ती तशीच मोकळेपणाने मांडली पाहिजे.

पाळी कशी लावावी

पाळी रोहित्रानुसार (ट्रान्सफॉर्मरनुसार) लावणे सर्वांत सोपे, कारण एका रोहित्रावरचे पंप एकत्र बंद ठेवता येतात आणि तपासणीही सोपी होते. मात्र एका रोहित्रावरचे सर्व पंप एकाच डोहावर असतील, तर त्यांना एकाच गटात टाकू नये. त्यांच्या पाळीच्या दिवशी तो डोह रिकामा होईल. पंप नदीच्या लांबीवर विखरून चालले पाहिजेत.

शेतीची वीज अनेक भागांत आलटून पालटून दिवसा आठ तास किंवा रात्री दहा तास असते. रात्रीच्या पाळीत वीज येताच सगळे पंप एकदम सुरू होतात आणि पहाटेपर्यंत पातळी झपाट्याने उतरते. पाण्यातला प्राणवायू सूर्योदयापूर्वीच सर्वांत कमी असतो, कारण रात्रभर शेवाळ आणि पाणवनस्पतीही तो वापरत असतात. म्हणजे पाणी सर्वांत कमी आणि प्राणवायूही सर्वांत कमी, अशी वेळ एकत्र येते. म्हणून महावितरणच्या उपविभागीय कार्यालयाशी आधी बोलून गटांच्या वेळा वेगवेगळ्या करून घ्याव्यात आणि पहाटेचे शेवटचे दोन-तीन तास उपसा थांबवावा. प्राणवायू मोजायचा असेल तर तोही पहाटेच मोजावा. दुपारचा आकडा फसवा असतो.

बंदी पाण्याबरोबर सरकली पाहिजे. राधानगरीतून सोडलेले पाणी शिरोळपर्यंत यायला काही दिवस लागतात. संपूर्ण नदीवर एकाच तारखांना बंदी घातली, तर वरच्या गावांत पाणी पुढे निघून गेल्यावरही पंप बंद राहतात आणि खालच्या गावांत पाणी पोहोचताच बंदी संपते. त्याऐवजी प्रत्येक टप्प्याची बंदी पाणी तिथे येण्याच्या आदल्या दिवशी सुरू करून, ते पुढच्या बंधाऱ्यावर नोंदले गेल्यावरच उठवावी.

बंधाऱ्याचे बरगे

पंप थांबले म्हणजे नदी वाहिली, असे होत नाही. बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवण्यासाठी गाळ्यांत बसवायच्या फळ्या, पूर्ण बसवलेले असतील तर वाचलेले सगळे पाणी त्याच बंधाऱ्यात साचते आणि बंदी उठताच तिथूनच उपसले जाते. उपसाबंदीच्या प्रत्येक आदेशात बंधाऱ्यातून खाली किती पाणी सोडायचे हेही लिहिलेले असावे, हा आग्रह ग्रामसभेने धरावा. एखाद्या गाळ्याचे बरगे कमी ठेवून ठरलेली धार सतत चालू ठेवता येते. ही मागणी लेखी करावी, कारण बरगे काढणे-घालणे हे विभागाचे काम आहे. कोणी रात्री परस्पर बरगे काढले तर तो गुन्हा ठरतो आणि खालच्या-वरच्या गावांत वैर निर्माण होते.

एक सावधगिरी येथे आवश्यक आहे. महिनोन्महिने सांडपाणी साचलेल्या बंधाऱ्याचे बरगे एकदम काढले, तर प्राणवायू नसलेले काळे पाणी एका लोंढ्याने खाली जाते आणि डोहांत कसेबसे जगलेले मासे त्यात मरतात. म्हणून सोडणे हळूहळू, शक्यतो वरून ताजे पाणी येत असताना करावे, आणि खालच्या नळपाणी योजनांना आदल्या दिवशी कळवावे.

आदेश, सूचना आणि अंमल

बंधनकारक आदेश काढण्याचा अधिकार पाटबंधारे विभागाच्या सक्षम अधिकाऱ्याला असतो, आणि त्याला महाराष्ट्र पाटबंधारे अधिनियम, 1976 चा आधार असतो. ग्रामसभेचा किंवा संस्थेचा ठराव हा सभासदांचा आपसांतला करार असतो. तरीही तो महत्त्वाचा आहे: उंबरठे, गट आणि पंपांची मोजणी तयार असलेला ठराव शाखा अभियंत्यापुढे ठेवला, तर विभागाचा आदेश त्यावर बेतला जाण्याची शक्यता वाढते.

सूचनेत कोणत्या बंधाऱ्यापासून कोणत्या बंधाऱ्यापर्यंत, कोणत्या तारखा आणि तास, कोणते पंप वगळले, आजचा प्रवाह किती, फेरविचार कधी आणि उल्लंघनाचे परिणाम काय, हे सारे असावे. प्रवाहाचा आकडा कधीही गाळू नये. कारण समजले की माणसे नियम पाळतात. दूध संस्था, विकास सेवा संस्था, ग्रामपंचायतीचा फलक, दवंडी आणि भ्रमणध्वनीवरचे गट, सर्व वाटांनी ती पोहोचवावी. सूट फक्त पिण्याचे पाणी आणि जनावरे यांनाच असावी. कारखान्यांच्या उपशाला तीच कपात लागू झाली पाहिजे, आणि प्रक्रिया न केलेले सांडपाणी सोडणाऱ्यांवर या काळात प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तातडीने तक्रार व्हावी. शेतकऱ्याने पीक वाळवायचे आणि वाचवलेल्या पाण्यात कोणी मळी सोडायची, हे सहन करता कामा नये.

दंडाबाबत कॅलिफोर्नियातील अनुभव बोलका आहे. ऑगस्ट 2022 मध्ये शास्ता नदीवरील काही पाणीवापरकर्त्यांनी दुष्काळातील बंदी मोडून आठ दिवस पंप चालवले. नदीचा प्रवाह झपाट्याने उतरला आणि दंड झाला एकूण 4,000 डॉलर, जो सभासदांत वाटल्यावर नगण्य ठरला. पुढे 2024 मध्ये कायदा बदलून दंड वाढवावा लागला. आपल्याकडच्या आदेशांत पंपसंच जप्त करणे आणि परवाना एक वर्ष रद्द करणे अशी तरतूद बहुधा असते. ती पुरेशी कडक आहे, पण ती मोठ्या आणि लहान पंपाला सारखी लागली पाहिजे. पहिल्या उल्लंघनाला पंचनामा आणि स्टार्टर सील, दुसऱ्याला परवान्यावर कारवाई, अशी चढती रीत ठेवावी. तपासणी पथकात लगतच्या गावाचा एक प्रतिनिधी घेतल्यास आपल्या माणसाला सोडल्याचा आरोप उरत नाही.

बंदीच्या काळात पीक तगवणे

पाच अश्वशक्तीच्या पंपाचे आठ तासांचे पाणी सुमारे 2 लाख 88 हजार लिटर होते आणि पाटपाण्याने ते एका एकराला एकदाच पुरते. उसात पाचट आच्छादन, एक सरी आड पाणी आणि जिथे शक्य तिथे ठिबक, हे उपाय बंदी लागण्यापूर्वीच करावे लागतात. पाण्याचा पहिला हक्क नव्या लागणीला आणि रोपांना द्यावा. खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा वाढणारे पीक) त्या मानाने तग धरतो.

बंदी उठवताना घाई नको

वळवाच्या पहिल्या सरीने पातळी वाढली की पंप सुरू करण्याचा आग्रह होतो. नदीला त्या पहिल्या पाण्याची सर्वाधिक गरज असते, कारण त्यानेच तुटलेले डोह पुन्हा जोडले जातात. ऑस्ट्रेलियातील डार्लिंग नदीवर मेनिंडी येथे 2018 च्या डिसेंबरपासून 2019 च्या जानेवारीपर्यंत प्रचंड संख्येने मासे मेले. त्यानंतर 2020 च्या सुरुवातीला पाऊस झाला, तेव्हा न्यू साउथ वेल्स सरकारने पहिले पाणी खालपर्यंत जावे म्हणून वरच्या भागातील उपशावर तात्पुरती बंदी घातली. मध्येच काही दिवस ती शिथिल केल्यावर मोठा वाद झाला, पण पाणी मेनिंडीपर्यंत पोहोचले. आपल्याकडे यासाठी साधा नियम पुरेसा आहे: प्रवाह वरच्या उंबरठ्यापेक्षा अधिक सलग तीन-चार दिवस राहिला आणि खालच्या बंधाऱ्यावरूनही पाणी वाहिल्याची नोंद झाली, तरच आधी एक गट, मग दुसरा, असे पंप सुरू करावेत.

या सर्व काळाची एक वही ठेवावी: रोजची पातळी, चालू पंपांचे गट, बरग्यांची स्थिती, पहाटेचा प्राणवायू, मेलेल्या माशांची किंवा वासाची तक्रार, झालेले पंचनामे. राज्यात धरणांतील साठ्याचा वार्षिक हिशेब 15 ऑक्टोबरच्या आकड्यांवर मांडला जातो आणि त्याच सुमारास कालवा सल्लागार समितीच्या व पाणी आरक्षणाच्या बैठका होतात. वहीतील आकडे घेऊन संस्थेच्या प्रतिनिधीने त्या बैठकांपूर्वी कार्यकारी अभियंत्यांना निवेदन द्यावे आणि नियोजनाच्या तक्त्यात पिण्याचे पाणी, सिंचन व उद्योग यांच्या जोडीला नदीच्या वाहत्या पाण्याचा स्वतंत्र रकाना, महिनावार आकड्यांसह, लेखी मागावा.